बोम-द-व्हनीझ: गोड वाइनच्या गावाला पहिल्यांदा जाताना

ठाण्याहून युरोपला निघणाऱ्यांची सहल बहुतेक ठरलेली असते. पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम, दहा-बारा दिवस, रोज सकाळी बॅग भरायची आणि संध्याकाळी नव्या शहरात उतरायचं. तो आनंद वेगळा. पण एकदा ते पाहून झालं, किंवा पहिल्यांदाच स्वतःचं स्वतः ठरवून जायचं धाडस केलं, तर फ्रान्सच्या दक्षिणेतल्या एखाद्या लहान गावात तीन रात्री काढाव्यात असं वाटणारे आता आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा लेख. गाव आहे बोम-द-व्हनीझ. व्होक्लूझ जिल्ह्यातलं, दोन-अडीच हजार वस्तीचं, दाँतेल द मोंमिराय नावाच्या दातेरी चुनखडीच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं. व्हेनिस शहराशी त्याचा काहीही संबंध नाही, त्यामुळे हॉटेल शोधताना नकाशा नीट पाहा.

या गावाची ओळख म्हणजे मुस्का द्राक्षाची गोड वाइन. आसपासच्या वाकेरास, जिगोंदास या गावांत तालेवार लाल वाइन होते आणि बसने आलेले पर्यटक दोन तासांत तिन्ही गावं उरकून पुढे जातात. माझं सांगणं अगदी याच्या उलट आहे. एकच गाव घ्या आणि त्याला निवांत दिवस द्या. गोड वाइन घाईत चाखली की फक्त गोड लागते. तिच्यातलं बाकीचं सगळं सावकाश कळतं.

आधी गोडवा कुठून येतो ते समजून घ्या

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज हाच, की गोड वाइन म्हणजे साखर घातलेली वाइन. इथल्या वाइनमध्ये बाहेरची साखर नसते. जी गोडी आहे ती सगळी द्राक्षातली.

द्राक्षाच्या रसात यीस्ट साखर खातं आणि त्याचं अल्कोहोल करतं. त्याला मोकळं सोडलं तर ते जवळजवळ सगळी साखर संपवतं आणि वाइन कोरडी होते, म्हणजे तिच्यात गोडी उरत नाही. बोममध्ये हे काम अर्ध्यातच थांबवतात. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षापासून काढलेलं, 96 टक्के तीव्रतेचं शुद्ध मद्यार्क घालतात. त्याचं प्रमाण रसाच्या 5 ते 10 टक्के. अल्कोहोल एकदम वाढलं की यीस्ट मरतं आणि न खाल्लेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. विरजण लावलेलं दही गोडसर असतानाच आपण फ्रीजमध्ये ठेवतो, रात्रभर ओट्यावर राहू दिलं तर ते आंबट होतं. इथेही सगळी कसब थांबवण्याची वेळ ओळखण्यात आहे. काही तास इकडेतिकडे झाले तरी चव बदलते.

ही युक्ती शोधल्याचं श्रेय तेराव्या शतकाच्या अखेरीस मोंपेलिए इथे शिकवणाऱ्या आर्नो द व्हिलनव्ह या वैद्याला दिलं जातं. अशा वाइनला फ्रान्समध्ये ‘व्हँ दू नातुरेल’ म्हणतात. रिव्हसाल्त, बान्यूल्स, मोरी ही स्पेनच्या सीमेजवळची गावं आणि बोमच्या शेजारचं रास्तो, या सगळ्यांची गोड वाइन याच पद्धतीने होते. बोर्दोजवळच्या सोतेर्नची किंवा हंगेरीतल्या तोकायची रीत वेगळी. तिथे एक विशिष्ट बुरशी द्राक्षातलं पाणी कमी करते, साखर दाट होते आणि वरून मद्यार्क घालावं लागत नाही. चाखायला बसल्यावर हा फरक डोक्यात असला की समोरच्या माणसाशी बोलायला विषय मिळतो.

बोमच्या मुस्काचे नियम कडक आहेत. द्राक्ष एकाच कुळातलं, बारीक मण्यांचं मुस्का, पांढरं किंवा काळं. तोडणीच्या वेळी रसात लिटरमागे किमान 252 ग्रॅम साखर हवी. तयार वाइनमध्ये किमान 15 टक्के अल्कोहोल आणि लिटरमागे किमान 100 ग्रॅम साखर उरलेली हवी. या नावाला 1945 मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी यातला साखरेचा आकडा लक्षात ठेवावा. 60 मिलीलिटरच्या छोट्या पेल्यात सहा ग्रॅमच्या वर साखर जाते, म्हणजे सव्वा ते दीड चमचा. चार ठिकाणी चार घोट घेतले की बेरीज होते. गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

निघण्याआधी एकदा नाशिक

फ्रान्सला जाऊन पहिल्यांदाच वाइन चाखण्यापेक्षा आपल्या दारातलं आधी पाहावं. ठाण्याहून नाशिक म्हणजे कसारा घाट ओलांडला की आलंच. शिर्डीला जाणारी वंदे भारत ठाण्याला थांबते आणि नाशिक रोडलाही. शिवाय हे आपले शेतकरी, आपली भाषा. मनातले सगळे प्रश्न इथे न संकोचता मराठीत विचारता येतात, ते फ्रान्समध्ये जमणार नाही.

जायचं ते जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, तोडणी चालू असताना. सुला वाइनरीत शेनिन ब्लाँ या द्राक्षाची दोन रूपं मिळतात, एक नेहमीची आणि एक ‘लेट हार्वेस्ट’, म्हणजे द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली गोड. दोन्ही शेजारी शेजारी मागवा. आधी नेहमीची, मग गोड. एकच द्राक्ष, पण वेळ बदलली की काय होतं ते जिभेला इथे स्पष्ट कळतं. इगतपुरीकडच्या व्हॅलोने या लहान वाइनरीने द्राक्ष सुकवण्याच्या फ्रेंच पद्धतीने गोड वाइन केलेली आहे. सांगली-तासगावकडचा बेदाणा पाहिलेल्या माणसाला त्यातलं तत्त्व समजावून सांगावं लागत नाही: पाणी जातं, साखर राहते. मात्र या नाशिकच्या वाइनमध्ये वरून मद्यार्क घातलेलं नसतं, म्हणून त्या बोमच्या मुस्कापेक्षा हलक्या लागतात.

एक निरीक्षण स्वतःपुरतं लिहून आणा. गोड घोट गिळल्यानंतर तोंड चिकट वाटतं, की लिंबाच्या फोडीसारखी पुन्हा लाळ सुटते? चांगल्या गोड वाइनमध्ये आंबटपणा मुरलेला असतो, त्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. एवढं ओळखता आलं की बोममध्ये तुम्ही नवखे राहत नाही.

कधी जायचं

मुस्काची तोडणी साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर चालते. ठाणेकरांसाठी हीच अडचण, कारण तेव्हा घरी गणपती असतात. माझा सल्ला: गणपती सोडून जाऊ नका. विसर्जन झाल्यावर सप्टेंबरअखेर पोहोचलात तरी शिवारात लाल वाइनच्या द्राक्षांची तोडणी काही ठिकाणी चालू असते, तळघरांतून आंबणाऱ्या रसाचा वास गल्लीत येतो आणि उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते. या दिवसांत शेतकरी मात्र कामात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. तो तासभर बोलत बसेल अशी अपेक्षा ठेवू नये.

शाळकरी मुलं असतील तर मे महिना. हवा छान, वेली हिरव्यागार आणि महिनाअखेर त्यांना बारीक फुलोरा येऊ लागतो. फक्त फ्रान्समध्ये मे महिन्यात सुट्ट्या फार असतात. 1 मे रोजी तर जवळजवळ सगळं बंद, बससुद्धा मिळेलच असं नाही. 8 मेचीही सुट्टी असते. प्रवासाचा दिवस त्या तारखांना येऊ देऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर द्राक्षांची पानं पिवळी-तांबूस झालेली दिसतात. थंडी असते, काही मुक्काम बंद झालेले असतात, पण शेतकऱ्याला तुमच्यासाठी वेळ असतो. मला हा काळ सर्वांत आवडतो.

जुलै-ऑगस्ट टाळा. ऊन कडक, भाडी चढी, आणि वणव्याच्या भीतीने डोंगरातल्या पायवाटांवर निर्बंध येतात. कुठल्याही ऋतूत उत्तरेकडून मिस्ट्राल नावाचा वारा सुटू शकतो. आकाश निळंशार आणि वारा अंगाला झोंबणारा, त्यामुळे मे महिन्यातही एक जाड जाकीट बॅगेत हवंच.

कागदपत्रं

यावर फार लिहीत नाही, कारण शेंगेन व्हिसाची माहिती सगळीकडे आहे. तीनच गोष्टी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो शक्य तितका लवकर करा. उन्हाळ्यात मुंबईतल्या केंद्राच्या भेटीच्या वेळा भराभर संपतात. प्रवासविम्यात किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण हवं. आणि सहलीत अनेक देश असतील तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा.

गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. ठाणेकरांनी ठाण्याच्या, नवी मुंबईकरांनी वाशीच्या आरटीओकडून. तो वर्षभर चालतो. भाड्याची गाडी ठरवताना ऑटोमॅटिक हवी असल्यास तसं आधी सांगा, तिकडे हाताच्या गिअरची गाडी सर्रास देतात. उजवीकडे बसून डाव्या हाताने गिअर टाकायची सवय आपल्याला आहे, पण तिकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. पहिल्याच दिवशी डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर हे शिकायला जाऊ नका.

पोहोचायचं कसं

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे, तिथून दक्षिणेतल्या आव्हिन्यों शहराला जाणाऱ्या टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सच्या अतिवेगवान रेल्वेगाड्या मिळतात, म्हणजे शहरात शिरायची गरज नाही. पॅरिसमध्ये मुक्काम असेल तर गार द लियों स्थानकातून निघा, पावणेतीन तासांच्या आत आव्हिन्यों येतं. तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. विमान उशिरा पोहोचण्याची शक्यता धरून मधे चारेक तास मोकळे ठेवा. दुसरा रस्ता मार्सेचा: एखादं विमान बदलून मार्सेला उतरायचं आणि रेल्वेने उत्तरेला आव्हिन्योंला यायचं.

नवख्यांची फसगत होते ती आव्हिन्योंला. तिथे दोन स्थानकं आहेत. टीजीव्ही शहराबाहेरच्या स्थानकात थांबते, जुनं स्थानक शहराच्या तटबंदीला लागून आहे. दोन्हींमध्ये लोकल गाडी धावते, पाचेक मिनिटांचा प्रवास. तिथून बोमच्या जवळच्या कार्पाँत्रा शहराला जाणारी लोकल घ्यायची, साधारण अर्धा तास लागतो. काही गाड्या थेट टीजीव्ही स्थानकावरूनच सुटतात, त्या शोधा. ही लाइन कित्येक दशकं प्रवाशांसाठी बंद होती, 2015 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि गाडी न चालवणाऱ्यांची मोठी सोय झाली.

कार्पाँत्रा ते बोम दहाएक किलोमीटर. बस आहे, पण आपल्या टीएमटीच्या हिशेबाने जाऊ नका. दिवसात मोजक्या फेऱ्या, रविवारी त्याहून कमी. परतीच्या बसची वेळ आधी पाहायची आणि मगच निघायचं. ॲपवर टॅक्सी शोधली तर या भागात बहुधा मिळणार नाही. मुक्कामाच्या घरमालकांना आदल्या दिवशी सांगितलं तर ते टॅक्सीवाल्याला फोन करून ठेवतात. तब्येत ठीक असेल तर कार्पाँत्रातून बॅटरीची सायकल भाड्याने घेणं उत्तम, कारण सपाट रस्ता गावापर्यंतच आहे. पुढे चढ लागतो.

राहायचं कुठे

गावात मोठी हॉटेलं नाहीत. ‘शाँब्र दोत’ म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली, सकाळच्या न्याहारीसकट. ‘जीत’ म्हणजे स्वयंपाकघरासह पूर्ण घर, पण उन्हाळ्यात ते बहुतेक आठवड्याच्या बोलीनेच देतात. दोघंच असाल तर शाँब्र दोत घ्या. घरमालक-मालकीण स्वतः द्राक्षवाले किंवा द्राक्षवाल्यांचे शेजारी असतात. कुणाकडे चाखायला जावं, कुणाकडे आज तोडणी आहे, हे न्याहारीच्या टेबलावर जेवढं कळतं तेवढं कुठल्याही संकेतस्थळावर सापडत नाही. घरात आजी-आजोबा आणि मुलं असतील तर जीत बरं, कुकर लावता येतो.

चाखायला जाताना

पहिला दिवस सहकारी संस्थेचा. आपल्याकडे साखर कारखाने जसे सभासद शेतकऱ्यांचे, तशी बोमची वाइन संस्था 1956 मध्ये द्राक्षवाल्यांनी उभी केली. आता ती वाकेरासच्या संस्थेशी एकत्र होऊन रोनेआ नावाने चालते. मोठं दुकान, ठरलेल्या वेळा, इंग्रजी बोलणारं कुणीतरी सापडण्याची शक्यता जास्त. इथे सगळ्या तऱ्हा एका जागी चाखता येतात, म्हणून सुरुवात इथून.

दुसरा दिवस खासगी द्राक्षवाल्यांचा. गावालगतचं दोमेन दे बेर्नार्दां आणि डोंगरावरचं दोमेन द द्युर्बां ही दोन जुनी नावं. द्युर्बांपर्यंतची वाट वळणावळणाची आहे आणि वर पोहोचल्यावर खालचा सगळा मुलूख दिसतो. जाण्याआधी फोन किंवा ईमेल करून वेळ ठरवा. दुपारी 12 ते 2 कुणाच्याही दारात जाऊ नका, ती जेवणाची वेळ आणि ती तिथे पाळतात.

दारावर ‘देग्युस्तासियों’ ही पाटी दिसली की तिथे चाखायला मिळतं. आत शिरताना आधी ‘बाँझूर’ म्हणायचं, मग पुढचं बोलणं. हे न म्हणता थेट प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा समजतात. माणूस तोच राहतो, पण त्याचा चेहरा बदलतो.

मग क्रम. कोरड्या वाइन आधी, मुस्का सर्वांत शेवटी. उलट केलं तर गोडानंतरची लाल वाइन कडू-आंबट लागते आणि उगाच तिचं नाव खराब होतं. पेला दांडीला धरा, वाटीला धरला तर हाताच्या उबेने वाइन कोमट होते, आणि मुस्का थंडच हवी, सहा ते दहा अंशांच्या दरम्यान. आधी वास घ्या. ताज्या द्राक्षाचा वास येणारी वाइन जगात फार थोडी आहे, ही त्यातली एक. त्यामागे गुलाब, लिची, जर्दाळू, संत्र्याची साल यांतलं काहीतरी येतं. जे तुम्हाला आलं ते सांगा. चूक-बरोबर काही नसतं, आणि गुलकंदाची आठवण झाली तर तेही सांगायला हरकत नाही.

काउंटरवर एक भांडं ठेवलेलं असतं, त्यात थुंकायचं. आपल्याला हे फार अवघड जातं, कुणी दिलेलं थुंकणं म्हणजे अपमान वाटतो. तिथे तसं अजिबात नाही, उलट थुंकणारा माणूस मनापासून चाखतो आहे असं मानतात. सहा-सात नमुने असतील तर थुंकाच. मुस्काचा गोडवा तिचं 15 टक्के अल्कोहोल झाकून टाकतो आणि नवख्या माणसाला ते उठल्यावर कळतं. गाडी चालवणाऱ्याने तर एक थेंबही गिळू नये. फ्रान्सची मर्यादा लिटरभर रक्तात 0.5 ग्रॅम आहे, नव्या परवानाधारकांना 0.2, पण डोंगरातल्या रस्त्यांवर मर्यादेचे हिशेब करत बसण्यात शहाणपण नाही.

लेबल वाचायला शिका. ‘मुस्का द बोम-द-व्हनीझ’ लिहिलेलं असेल तर ती गोड वाइन. नुसतं ‘बोम-द-व्हनीझ’ असेल तर ती कोरडी लाल वाइन, जिला 2005 पासून स्वतंत्र मान आहे. दोन्ही एकाच फळीवर असतात आणि घाईत लालच उचलली जाते. गोड मुस्कासुद्धा सोनेरी, गुलाबी आणि लालसर अशा तिन्ही रंगांत असते. पहिल्यांदा सोनेरीच घ्या.

साधारण 12 ते 20 युरोंत बाटली मिळते. लहान द्राक्षवाल्याने पैसे न घेता पाच वाइन चाखवल्या असतील, तर निघताना एक बाटली घेणं ही रीत आहे. सक्ती कुणी करत नाही. न आवडलेली वाइन भिडेखातर विकत घेऊ नका, पण ज्याने अर्धा तास दिला त्याला ‘मेर्सी’ म्हणून हात मिळवून निघा.

शेतात शिरायचं झालं तर विचारून. वेलीवरचा घड तोडून तोंडात टाकायचा मोह आवरा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला जे आवडणार नाही ते इथल्यालाही आवडत नाही, शिवाय फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक नसतं.

जेवण, आणि शाकाहाऱ्यांनी काय जपायचं

जेवायला 12 ते दीडच्या मध्ये जा. अडीच वाजता गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं आणि कितीही गोड बोललात तरी ते उघडत नाही. रात्रीचं जेवण साडेसातनंतर.

शाकाहारी माणसाला या भागात उपाशी राहावं लागत नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. रातातुई म्हणजे वांगी, टोमॅटो, दुधी जातीची भाजी, ती बिनधास्त घ्या. तुळशीच्या जातीच्या पानांचं वाटण घातलेलं भाज्यांचं सूप, ‘सूप ओ पिस्तू’, पोटभरीचं. पण ऑलिव्हची काळी चटणी, तापनाद, दिसायला निरुपद्रवी असली तरी तिच्यात बहुतेक वेळा अँकोव्ही हा मासा असतो. फूगास नावाच्या पावात डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा तोच मासा असू शकतो. ‘साँ व्हियांद, साँ प्वासों’ हे पाठ करा: मांस नको, मासा नको. ‘व्हेजेतारियाँ’ एवढंच सांगितलं तर मासा चालतो असं समजणारे वाढपी अजून भेटतात. चीज घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी असाल तर बहुतेक पारंपरिक चीज तुमच्यासाठी नाही.

स्थानिक लोक मुस्का जेवणानंतर नव्हे, जेवणाआधी पितात, थंडगार, लहान पेल्यात, आणि उन्हाळ्यात सोबत काव्हायोंचं खरबूज. एकदा तरी असंच घ्या. शेळीच्या दुधाचं ताजं चीज आणि निळ्या बुरशीचं खारट चीज, ही आणखी दोन जोड्या. खारट आणि गोड एकत्र आल्यावर मुस्का खुलते.

वाइन न पिणारं कुणी सोबत असेल तर

सहकारी दुकानात ‘झ्यू द रेझँ’ म्हणजे द्राक्षाचा रस आहे का ते विचारा. आणि वाइन न पिणाऱ्यांसाठी गावात काही नाही असंही नाही. ऑलिव्ह तेलाच्या घाण्यावर तेल चाखता येतं, पावाच्या तुकड्यावर. गावाबाहेर नोत्र-दाम दोब्यून हे रोमनेस्क शैलीचं जुनं चॅपेल आहे, त्याचा मनोरा पाहण्यासाठी चालत जा. दाँतेलच्या कड्यांखालून आखलेल्या पायवाटा आहेत, सर्वांत उंच कडा 722 मीटरचा. येऊरला सकाळी फिरणाऱ्यांना या वाटा जड जाऊ नयेत, पण पाणी सोबत न्या, वर मिळत नाही. पूर्वेला मों व्हाँतूचा पांढरा माथा दिसतो, 1,900 मीटरहून उंच.

शुक्रवारी सकाळी कार्पाँत्राचा बाजार भरतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्याच दिवशी तिथे काळ्या त्रुफलचाही, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी कवकाचाही, बाजार असतो. मंगळवार असेल तर व्हेजों-ला-रोमेनचा बाजार आणि तिथले रोमन अवशेष. मुक्कामात यातला एक दिवस येईल असं बघा, दोन्ही गाठायच्या मागे लागू नका.

तिसरा दिवस मोकळा उरला तर रास्तोला जा. तिथली गोड वाइन ग्रेनाश या काळ्या द्राक्षाची. सुकं अंजीर, कोको, अक्रोड अशा चवी. मुस्काच्या अगदी दुसऱ्या टोकाची. एकाच पद्धतीने केलेल्या दोन गोड वाइन इतक्या वेगळ्या कशा, हे त्या दिवशी कळतं, आणि गावोगावचं द्राक्ष व माती यांचं महत्त्व समजायला दुसरं पुस्तक लागत नाही.

घरी आणताना

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. 750 मिलीलिटरच्या दोन बाटल्या आणि 375 ची एक अर्धी बाटली, म्हणजे 1.875 लिटर. मुस्का अर्ध्या बाटलीतही मिळते आणि नवख्या घराला तीच सोयीची. दोन लिटरच्या वर असेल तर विमानतळावर लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा. बाटल्या चेक-इन बॅगेतच ठेवायच्या, प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग जीन्सच्या पायात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध.

घरी आल्यावर त्या शोकेसमध्ये मांडून ठेवू नका. ठाण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात मुस्काचा वास महिन्याभरात मलूल होतो. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात आडव्या ठेवा. ही वाइन वर्षानुवर्षं साठवण्यासाठी नसते, ताजी असतानाच तिचा सुगंध खरा, तेव्हा दीड-दोन वर्षांत संपवा. एकदा उघडली की घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये दोनेक आठवडे टिकते.

आणि आपल्या गोडाधोडाबरोबर ती देताना एक नियम पाळा: ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड नसावा. बासुंदी, जिलबी, उकडीचा मोदक यांच्यासोबत मुस्का आंबट आणि पातळ लागते. तिखट चिवड्यासोबतही देऊ नका, अल्कोहोलने तिखट जास्त झोंबतं. त्याऐवजी खारे काजू, खारवलेले पिस्ते, बिनसाखरेची फळं द्या. जानेवारी-फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात नाशिकची द्राक्षं येतात, ती थंड करून सोबत ठेवली तरी चालतं.